मासेवाल्याची लाल ढाल

"मासेवाल्याला हात लावू नका!"

मेश्रामभाऊ माझ्याशी बोललेले पहिले शब्द हे. तेही इंग्रजीत, आणि एवढ्या मोठ्यानं की माझ्या हातातलं ओलं फडकं स्टुलाखाली पडलं. वीव्हर्स होममध्ये राहायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. रिकामं बसवत नाही म्हणून हॉलमधली धूळ पुसायला घेतली होती. समोर भिंतभर काळा लाकडी फलक, त्यावर वीत-वीतभर ढालींच्या रांगा, आणि माझ्या नाकासमोरच्या ढालीवर तीन मासे. मी त्या माशांना आंघोळ घालत होते.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

दारातला उंच, पाठीत वाकलेला म्हातारा थबकला. मग म्हणाला, "मराठी हाय का तुम्ही? मग तर दूरच राहा. आपल्या लोकाइले पाणी मारल्याबिगर साफ झाल्यासारखं वाटतच नाही."

मी स्टुलावरून उतरले ती रागानंच. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लिननरूममध्ये काढलेली बाई मी. फाटक्या चादरी, ऑपरेशनचे गाऊन, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. मला कुणी पुसायला शिकवावं? पण त्यांनी खिशातून मऊ, कोरडा ब्रश काढला आणि माशाच्या कल्ल्यावरचा पाण्याचा थेंब असा टिपला, की जणू लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढतायत. मी स्टुलाखालचं फडकं उचललं.

आता हे वीव्हर्स होम काय ते सांगते. आमचं हे इंग्लंडच्या पूर्वेकडचं छोटं गाव. फार पूर्वी हॉलंडकडून विणकर लोक पळून इथे आले. धर्माची भांडणं होती तिकडे. त्यांच्यातले जे पुढे पैसेवाले झाले, त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांसाठी आणि विधवांसाठी खोल्यांची एक रांग बांधली, मध्ये हा हॉल. त्या धर्मादाय घराचा कारभार बघायला त्यांच्यातलेच गव्हर्नर नेमले जायचे. एक वर्ष काम नीट केलं की त्या माणसाच्या घराण्याची ढाल, म्हणजे कुलचिन्ह, फलकावर रंगवायची, अशी रीत. अशा अडतीस ढाली. आता ते डच कुठले उरायला! कुणीही एकटं, म्हातारं माणूस अर्ज करू शकतं. म्हणून तर बार्शीच्या माझ्यासारखीला खोली मिळाली.

मेश्रामभाऊ तिथे राहत नव्हते. ते मूळचे नागपूरचे. ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून सगळी नोकरी केली, बायको गेल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन आमच्या गावात आले. कारण विचारलं तर म्हणायचे, "समुद्र जवळ हाय." समुद्रावर गेलेले मात्र मी त्यांना कधी पाहिले नाही. ते यायचे इथे, हॉलमध्ये. शेगडीच्या धुरानं आणि ओलीनं काळ्या पडलेल्या त्या ढाली एकेक करून पुन्हा रंगवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. फुकट. मी आले तेव्हा त्यांना तिथे दोन वर्षं झाली होती.

सकाळी दहाला यायचे. हातात स्टीलचा चार पुडांचा डबा. पहिल्या दिवशी मला वाटलं, वा, भाकरी आणलीय. उघडला तर एका पुडात ब्रश, एकात रंगाच्या ट्यूबा, एकात कापूस, आणि सगळ्यात खालच्या पुडात खरंच पोळी आणि वांग्याची भाजी. "वासानं ब्रशला पण भूक लागत असंल," मी म्हटलं. तर म्हणाले, "ब्रश व्हेजिटेरियन हाय, ताई. मी नाही."

चहा फलकाच्या दहा पावलांच्या आत न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. फरशीवर खडूनं रेघच मारली होती. मिसेस पेल आमच्या ट्रस्टच्या चेअरवुमन, मोठ्या घरच्या बाई, पण त्यासुद्धा कप घेऊन रेघेशी थांबायच्या. आणि त्या गव्हर्नरांची नावं भाऊ कधी घ्यायचे नाहीत. त्यांच्यासाठी तो मासेवाला, तो कात्रीवाला, हा तीन बदकांचा, तो अर्ध्या चाकाचा.

"यांच्यातला कुणीबी राजा नव्हता," ते मला सांगायचे. "हॉलंडमंदी कुणीही आपली ढाल काढून घेऊ शकत होता. राजाला विचारायची गरज नाही. मासे विकले, मासे काढले. कपडा कापला, कात्री काढली. मले हे आवडते. आपल्याकडं धंद्यावरून माणसाले खाली बसवलं. यायनं तोच धंदा रंगवून वर टांगला."

थोडं थांबून म्हणायचे, "आता पुढची पिढी शेफारली आन् माशाच्या डोक्यावर मुकुट काढला, ते सोडा."

त्यांचा एक खाक्या होता. रंग लावायच्या आधी भिंग घेऊन ढालीवर वाकायचे, पुसट झालेली जुनी रेघ शोधायचे, आणि सापडली की म्हणायचे, "माणूस खोटं बोलंल, ताई. रेघ नाही बोलत." कारखान्यात म्हणे एका पंखाच्या ड्रॉइंगवरून मोठ्या साहेबाशी भांडण झालं होतं. साहेब म्हणे माप असं, हे म्हणे रेघ अशी. शेवटी रेघ खरी निघाली. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी साहेब थोडा जास्त जाडा झालेला असायचा.

दुसऱ्या रांगेतली चौथी ढाल कोरी होती. नुसती पांढरी, भोवती सोनेरी कड. त्या गव्हर्नराचं वर्ष पुरं व्हायच्या आत तो वारला, म्हणून तिच्यावर काही रंगवलंच नाही. खाली नावसुद्धा नाही. दिवाळीत मी चकल्या केल्या म्हणून पुण्याचं एक तरुण जोडपं मला भेटायला आलं होतं. दोघं आयटीत, कामाच्या व्हिसावर आलेले, गोड पोरं. भाऊही होतेच. पोरीनं विचारलं, "काका, मेश्राम म्हणजे तुम्ही नक्की कुठले?"

"नागपूर."

"हो, पण म्हणजे... मूळचे?"

मी चकलीची ताटली त्या पोरीच्या पुढे सरकवली. तोंड भरलं की प्रश्न थांबेल, असं आपलं मला वाटलं. भाऊ उठले, तिला म्हणाले, "या, दाखवतो." फलकासमोर नेलं आणि कोऱ्या ढालीवर बोट ठेवलं. "हे आमचं घराणं. तुमची कोणती? शोधा."

पोरगी हसली. नवरा हसला नाही. तो लालबुंद होऊन बुटांकडे बघत राहिला. पुढच्या वेळी आला तेव्हा तो एकटाच भाऊंच्या शेजारी तासभर बसून कापूस धरत होता, हेही सांगायला पाहिजे.

पण मी कोऱ्या ढालीचं सांगत होते. या वसंतात मिसेस पेल आल्या, खडूच्या रेघेशी कप घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर मेश्राम, सप्टेंबरमध्ये हॉल नव्यानं उघडायचा आहे. हॉलंडहून जुन्या घराण्यांतले काही लोक येणार आहेत. आम्हा ट्रस्टींना वाटतं, त्या कोऱ्या ढालीत तुमचं चिन्ह यावं. चार वर्षं तुम्ही या फलकाची काळजी घेतली. गव्हर्नरनं तरी दुसरं काय केलं?"

भाऊ इंग्रजीत म्हणाले, "आमच्या घराण्याला चिन्ह नाही."

"मग तुम्हीच काढा. त्यांनी तेच तर केलं होतं."

त्या गेल्यावर मला म्हणाले, "काय बाप्पा ह्या बाईचं! जन्मभर कूळ-गोत म्हणणाऱ्यांशी भांडलो, आन् आता मी ढाल टांगू?" मी म्हटलं, बरं, नका टांगू. पण दोन दिवसांनी ते हात धुवायला गेले असताना मी पोळीचा पूड काढायला डबा उघडला, तर झाकणात बटर पेपरचा तुकडा. त्यावर पेन्सिलीनं ढाल, आणि ढालीत एकच वस्तू. धोटा. मागावर इकडून तिकडे पळतो ना, तो विणकराचा धोटा.

त्यांची आई हातमागावर बसायची. फलकावर एका डच विणकराच्या ढालीतही धोटा होता, तो बघून ते दर वेळी चिडायचे, "याला टोक कुठं हाय? आईनं हा धोटा खिडकीबाहेर फेकला असता." बटर पेपरवरच्या धोट्याला मात्र टोक होतं, आत दोऱ्याची कांडी होती, बाजूच्या भोकातून सुटलेला एक धागासुद्धा होता. किती वेळा खोडून काढला असेल, कागद पातळ झालेला. मी झाकण जसं होतं तसं लावलं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी ट्रस्टला माहीत नव्हती. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. रंगवताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढत जाणार. चार ढाली राहिल्या होत्या. "तेवढ्या झाल्या का मंग हात गेला तरी चालंल," असं ते अगदी सहज म्हणायचे, बस चुकली तरी चालेल म्हणावं तसं. त्यांना त्या चार ढाली पुऱ्या करायच्या होत्या. एवढंच हवं होतं.

आता उशीकडे येते. 

समारंभासाठी मिसेस पेलनी एका जुन्या पेटीतून दोन उश्या काढून माझ्याकडे दिल्या. गव्हर्नरांच्या खुर्च्यांवरच्या बसायच्या उश्या, वर लोकरीच्या धाग्यानं ढाली भरलेल्या. एक मासेवाल्याची, एक कात्रीवाल्याची. दोन्ही विटून मातकट झालेल्या, शिवण उसवलेली. "शालन, तू यांच्यात जीव आण," असं त्या म्हणाल्या. मी माझ्या खोलीत खिडकीशी बसले, बारीक कात्रीनं मासेवाल्याच्या उशीचं अस्तर सोडवलं आणि भरतकाम उलटं केलं.

भरतकामाची उलटी बाजू बघायची मला सवयच आहे. पुढून कुणीही नीट भरतं, बाई कशी आहे ते मागून कळतं. आणि दुसरं म्हणजे मागच्या बाजूला ऊन लागत नाही. आतला रंग उडत नाही. तर आतली बाजू बघितली, माशांच्या भोवतीचा सगळा भाग निळा. निळा म्हणजे गडद, नवी कोरी नीळ.

मी खुर्चीतून उठले, तशीच हॉलमध्ये गेले. फलकावर मासेवाल्याची ढाल लालभडक. भाऊंनी रंगवलेली.

परत आले, कात्रीवाल्याची उशी उसवली. फलकावर ती निळी. उशीत लाल.

अडतीसपैकी बऱ्याच ढालींवर जुन्या रंगाचे कण सापडले होते. पण अकरा ढाली पार काळ्या होत्या, त्यांच्यासाठी भाऊंनी या ढालींची चित्रं असलेला एक जुना छापील कागद वापरला होता. काळी शाई, रंग नाही. जुन्या काळी छापताना रंग रेघांनी दाखवायचे. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. हे भाऊंनीच मला शिकवलं होतं, केवढ्या आनंदानं! "पाहा ताई, रेघाच रेघा. जसं माझ्यासाठीच ठेवलं होतं कुणीतरी."

दोन दिवस मी ती उशी पलंगाखाली ठेवली. भाऊ खिडकीतून विचारायचे, "झाली का उशी?" मी म्हणायची, "धागा मिळत नाही." खोटं बोलले. समारंभाला बारा दिवस होते, आणि ट्रस्टमध्ये ते मिस्टर ड्रे होते. ड्रे पहिल्यापासून म्हणत होते की असलं काम हौशी माणसाच्या हाती द्यायचं नाही, शिकलेला प्रोफेशनल बोलवा. मिसेस पेलनी स्वतःच्या शब्दावर भाऊंना हे काम दिलं होतं. हे कळलं तर काय होईल, मला स्वच्छ दिसत होतं. फलक काढून घेतील, आणि उरलेल्या चार ढाली कधीच त्यांच्या हातून होणार नाहीत. पुढच्या वर्षी हातच नसणार.

तिसऱ्या दिवशी मी उशी घेऊन हॉलमध्ये गेले. खरं सांगते, का गेले ते मला माहीत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून रोज "धागा मिळत नाही" म्हणवेना, एवढंच.

त्यांनी उशी हातात घेतली. उलटी केली. खिडकीशी नेली. भिंग काढलं. नंतर डब्यातून तो छापील कागद काढून उशीशेजारी ठेवला आणि किती तरी वेळ दोन्हींवर वाकून उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊ, बसा तरी."

"दुसरी हाय?"

मी कात्रीवाल्याची दिली.

ती बघितल्यावर ते बसले. म्हणाले, "उलट. या छापखान्याचं सगळं उलट हाय. आडवी रेघ लाल, उभी निळी. तवा सगळ्यांचा एक नियम झालाच नसंल." नंतर अगदी हळू, "मी विचारलंच नाही. रेघ दिसली, आन् मी मानून घेतलं."

"अहो, कोण उसवून बघणार आहे?" मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. "मी दोन्ही उश्या शिवून टाकते. वरून मातकटच आहेत. समारंभ होऊ दे, तुमच्या चार ढाली होऊ देत, मग सांगा."

"तुम्ही बघितलं ना."

"मी काय कुणाला सांगणार आहे?"

"तसं नाही जी ताई." त्यांनी डबा बंद केला. झाकण दोनदा निसटलं. "मी आता रंगवायला बसलो तर तुम्ही मागं उभ्या असाल. नसाल तरी असाल."

ते गेले ते तीन दिवस आलेच नाहीत. फोन उचलेनात. त्यांची मुलगी सुजाता लेस्टरला असते, हॉस्पिटलमध्ये. तिला फोन लावला तर म्हणाली, "मावशी, बाबा ठीक आहेत, जेवतायत, पण नुसते टेबलाशी बसून असतात. काय झालंय तिथे?" मी म्हटलं, "काही नाही गं." रोज सकाळी दहाला मी खिडकीशी. फरशीवरची खडूची रेघ सफाईवालीनं पुसून टाकली, तर मी खडू आणून परत मारली. वाकवत नाही मला, तरी मारली.

गुरुवारी ट्रस्टींची मीटिंग होती, हॉलमध्येच. चहा माझ्याकडे. भाऊ अकराला आले. कोट, टाय, हातात डबा नाही. दारात मला म्हणाले, "दोन्ही उश्या घेऊन या. आन् तुम्ही काही बोलायचं नाही."

सहा माणसं टेबलाभोवती. मी कोपऱ्यात, पिशवी पोटाशी धरून. भाऊ बसले नाहीत. उभं राहून, साध्या शब्दांत सगळं सांगितलं. अकरा ढाली. लाल तिथे निळा, निळा तिथे लाल. कागद कुठला, चूक कशी झाली. मी उश्या टेबलावर उलट्या करून ठेवल्या. सगळे त्या धाग्यांवर वाकले. 

भाऊंचा हात थरथरत होता. ड्रे त्या हाताकडे बघत होते, आणि त्यांना वाटत होतं की हा माणूस घाबरलाय. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नाही हो, हा हात तसाच आहे!

"मी चार वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं," ड्रे म्हणाले. "अगदी हेच. त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहिलेलं आहे."

मिसेस पेलनी उशी स्वतःकडे ओढली. "कुणाला कळलं हे? कसं?"

भाऊ म्हणाले, "उश्या होत्या घरात. चार वर्षं होत्या. मी त्या बघायला मागायला पाहिजे होत्या."

"पण उसवली कुणी?" ड्रे.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बोलायची बंदी होती, पण चाळीस वर्षं मेट्रनच्या हाताखाली काढलेली मी, विचारलं की उत्तर द्यायचं एवढं अंगात भिनलेलं. "मी उसवली," मी म्हटलं. "आणि मीच यांना म्हटलं होतं, शिवून टाकते, कुणाला कळणार नाही. यांनी ऐकलं नाही."

ड्रेंनी चष्मा काढला.  आवाज थोडा उतरला होता. "तुम्ही बोलला नसता तर?"

"तर लालच राहिलं असतं," भाऊ म्हणाले. "तुमची मुलं, त्यांची मुलं, सगळ्यांनी तोच रंग खरा धरला असता. माझी सही होती त्याच्यावर. रेघ खोटं बोलली नाही, सर. मी तिला तिची भाषा विचारली नाही."

तासभर चर्चा झाली. ठरलं असं: समारंभ होईल. फलक आहे तसा राहील. ऑक्टोबरमध्ये प्रोफेशनल बाई येऊन सगळं तपासतील, दुरुस्त करतील, उरलेल्या चारही त्याच करतील. आणि तोवर कुणीही फलकाला हात लावायचा नाही. 'कुणीही' म्हणताना ड्रे टेबलाकडे बघत होते. भाऊंनी खिशातून रंगांच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ठेवताना ती वाजत राहिली, लाकडावर, टक टक टक. त्यांनी डाव्या हातानं तो हात धरला तेव्हा थांबली.

मिसेस पेल म्हणाल्या, "आणि ती कोरी ढाल..."

"ती कोरीच राहू द्या," भाऊ म्हणाले. त्यांना वाक्य पुरं करूच दिलं नाही.

मग एकच मागणं केलं. एक कार्ड लिहायची परवानगी. तेवढी मिळाली. फलकाशेजारी ते कार्ड अजून आहे. त्यांच्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात, फक्त ओळी थोड्या हललेल्या: या अकरा ढालींचे रंग चुकीचे आहेत, चूक माझी आहे, खरे रंग उशीच्या आतल्या बाजूला आहेत. खाली पूर्ण नाव.

समारंभाच्या दिवशी मासेवाल्याच्या घराण्यातले एक गृहस्थ आले होते, उंच, गोरे, जाकिटाला छोटा चांदीचा मासा लावलेला. त्यांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. भाऊ शेजारीच उभे, शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखे ताठ. गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरात कुणालाच रंग माहीत नव्हता. मला वाटायचं हिरवा असेल." आणि चक्क त्या लाल ढालीसमोर उभं राहून सेल्फी काढला. भाऊंनाही त्यात ओढलं. त्या फोटोत भाऊंचा चेहरा बघण्यासारखा आहे.

ऑक्टोबरमध्ये ती प्रोफेशनल बाई आली. तरुण, केस निळे रंगवलेले. भाऊ म्हणाले, "बघा, हिला तरी निळा कुठला ते माहीत हाय." दोन दिवस तिनं एकटीनं काम केलं. तिसऱ्या दिवशी तिनंच मिसेस पेलना सांगितलं, तो माणूस बोलवा, कुठल्या थराखाली काय आहे ते त्यालाच माहीत आहे. मग भाऊ पुन्हा दहाला यायला लागले. डबा घेऊन, पण आता चारही पुडांत जेवण. खुर्ची घेऊन तिच्या मागे बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "तिथं खाली जरा कोरडं घ्या. हाव, तिथंच." मी दारातून बघायची. ती मासेवाल्याभोवती निळा भरत होती, आणि मांडीखालची त्यांची बोटं तिच्या ब्रशबरोबर हलत होती. राहिलेल्या चार ढालीही तशाच झाल्या, तिच्या हातानं.

डिसेंबरात सुजाता त्यांना लेस्टरला न्यायला आली. शर्टाची बटणं लावणं होत नव्हतं आता. सामान गाडीत ठेवून झालं तरी ते हॉलमध्ये येऊन बसले. मी नेमकी मासेवाल्याची उशी त्या दिवशी सकाळीच शिवून पुरी केली होती, खुर्चीवर ठेवली होती. ते तिच्यावरच बसले.

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अस्तर लावायच्या आधी मी आतल्या बाजूला, कडेशी, उरलेल्या निळ्या धाग्यानं, एक धोटा भरला होता. टोकासकट. बाजूच्या भोकातून सुटलेला धागासुद्धा. बोटभर असेल. विचारून भरला असता तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

भाऊ फलकाकडे बघत बसले होते. दुसऱ्या रांगेतली चौथी ढाल पांढरी स्वच्छ. थोड्या वेळानं त्यांचा तो थरथरता हात खाली गेला, उशीच्या कडेवरून चाचपत एका जागी थांबला.

"ताई, आतमंदी काही राहिलं काय?"

"गाठ आहे," मी म्हटलं. "टोचते का?"

अंगठा त्या जागेवर फिरला. एकदा. पुन्हा एकदा, लांबीच्या बाजूनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "राहू द्या."

बाहेरून सुजातानं हॉर्न वाजवला. ते उठले, टोपी घातली. जाताना फरशीवरच्या खडूच्या रेघेशी आले तर तिच्यावर पाय न देता, जरा लांब टांग टाकून पलीकडे गेले.